जागा सहा, कामे पाच : व्हॉलीबॉलचे मैदान, त्यातले शब्द आणि खेळाडूंची स्थाने

माझी भाची शाळेच्या व्हॉलीबॉल संघात निवडली गेली, त्या दिवशी घरी येताच तिने सांगितले, "मामा, मी चारला खेळते." तिच्या जर्सीवर आकडा होता 11. पुढच्या आठवड्यात तिचा सामना पाहायला आम्ही सगळे गेलो, तर ती कधी मागच्या उजव्या कोपऱ्यातून सर्व्हिस करताना दिसे, कधी मागे मधोमध उभी असे, आणि मध्येच जाळीच्या डाव्या टोकाशी उंच उडी मारून बॉल पलीकडे मारत असे. तिची आजी शेवटी मला म्हणाली, "अरे, ही तर सगळीकडेच हिंडते आहे. मग चार म्हणजे नेमके कुठे?"

हा प्रश्न अगदी योग्य होता, आणि व्हॉलीबॉल नव्याने पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे घोडे तिथेच अडते. कारण या खेळात एका खेळाडूला तीन गोष्टी एकाच वेळी चिकटलेल्या असतात. पाठीवरचा आकडा केवळ ओळखीसाठी असतो. दुसरी गोष्ट म्हणजे जागेचा क्रमांक. तो नियमाने ठरतो आणि सामन्यात सतत बदलत राहतो. तिसरी गोष्ट म्हणजे खेळाडूचे काम. ते संघ स्वतः ठरवतो आणि साधारणपणे सामनाभर तेच राहते. जागा आणि काम या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवल्या, की बाकीचा खेळ समजायला फार वेळ लागत नाही.

मैदान आणि त्यावरच्या रेषा

व्हॉलीबॉलचे मैदान 18 मीटर लांब आणि 9 मीटर रुंद असते. मधली रेषा त्याचे दोन सारखे चौरस करते, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला 9 मीटर बाय 9 मीटर एवढी जागा येते. ज्यांनी शाळेच्या पटांगणात फक्की टाकून हे मैदान आखले आहे, त्यांना ठाऊक असते की बाजू मोजून भागत नाही. प्रत्येक चौरसाचे दोन्ही कर्ण 12.73 मीटर भरले पाहिजेत, नाहीतर मैदान तिरके होते आणि कोपऱ्यात पडलेल्या बॉलवरून दिवसभर वाद चालतात.

रेषा 5 सेंटीमीटर रुंद असतात आणि त्यांच्याबद्दलचा एक नियम अगदी सुरुवातीलाच पक्का करून ठेवावा: रेषा मैदानाचाच भाग असते. बॉलचा कुठलाही भाग रेषेला टेकला, तरी बॉल आत पडला असेच धरले जाते. प्रेक्षकांतून "बाहेर! बाहेर!" असा ओरडा झाला आणि लाइनमनने मात्र झेंडा खाली दाखवला, तर अनेकदा कारण एवढेच असते.

मधल्या रेषेपासून 3 मीटरवर दोन्ही बाजूंना आणखी एक रेषा असते. तिला अटॅक लाइन म्हणतात. आपल्याकडे सरसकट "तीन मीटरची रेषा" असेच म्हटले जाते. तिच्या पुढचा पट्टा म्हणजे पुढचा विभाग आणि मागचा 6 मीटरचा भाग म्हणजे मागचा विभाग. दिसायला ही साधी रेषा आहे, परंतु खेळातले निम्मे डावपेच तिच्याभोवती फिरतात, ते पुढे येईलच.

मैदानाच्या मागच्या रेषेला एंड लाइन म्हणतात. तिच्या मागे 9 मीटर रुंदीचा सर्व्हिसचा विभाग असतो आणि त्या संपूर्ण रुंदीत कुठेही उभे राहून सर्व्हिस करता येते. मैदानाच्या सभोवती किमान 3 मीटर मोकळी जागा ठेवावी लागते. ही जागा नुसती सुरक्षिततेसाठी नाही. बॉल जमिनीला टेकेपर्यंत तो जिवंत असतो, त्यामुळे खेळाडू मैदानाबाहेर धावत जाऊन, प्रसंगी राखीव खेळाडूंच्या बाकापर्यंत पोहोचून, तो परत आणू शकतो. असा एखादा बॉल वाचतो, तेव्हा गुण कोणालाही मिळो, मला तो क्षण सर्वांत सुंदर वाटतो.

जाळी मधल्या रेषेच्या बरोबर वर बांधलेली असते. पुरुषांसाठी तिच्या वरच्या कडेची उंची 2.43 मीटर आणि स्त्रियांसाठी 2.24 मीटर असते. लहान वयोगटांसाठी ती आणखी खाली घेतात. जाळीच्या दोन्ही टोकांना, बाजूच्या रेषांच्या बरोबर वर, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या लवचीक काठ्या उभ्या दिसतात. त्यांना अँटेना म्हणतात. त्या जाळीच्या वर 80 सेंटीमीटर निघालेल्या असतात. पलीकडे मारलेला बॉल या दोन काठ्यांच्या मधूनच गेला पाहिजे; तो अँटेनाला लागला तर तिथेच फॉल्ट, म्हणजे नियमभंग, होतो.

एका रॅलीतले शब्द

हा खेळ 1895 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील होलिओक या गावी विल्यम मॉर्गन यांनी तयार केला. ते तिथल्या वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेत व्यायामाचे शिक्षक होते. त्यांनी खेळाला "मिंटोनेट" असे नाव दिले होते. बॉल जमिनीवर पडू न देता हवेतल्या हवेत परतवणे याला इंग्रजीत व्हॉली म्हणतात, आणि हा खेळ नेमका तसाच आहे हे पाहून पुढच्याच वर्षी त्याला व्हॉलीबॉल हे नाव मिळाले. हे नाव लक्षात ठेवले की मूळ कल्पना विसरायला होत नाही: बॉल आपल्या बाजूला पडू द्यायचा नाही, धरायचाही नाही, आणि जास्तीत जास्त तीन स्पर्शांत पलीकडे पाठवायचा.

सर्व्हिस झाल्यापासून बॉल पडेपर्यंत किंवा फॉल्ट होईपर्यंत जे चालते, त्याला रॅली म्हणतात. पंचांची शिट्टी वाजल्यावर 8 सेकंदांच्या आत सर्व्हिस करावी लागते. बॉल मारताना किंवा उडी घेताना पाय एंड लाइनला टेकला तर फूट फॉल्ट होतो. सर्व्हिसचे प्रकार पुष्कळ आहेत, पण दोन ओळखता आले तरी पुरे. उंच फेकून, धावत येऊन, उडी मारून जोरात मारलेली ती जंप सर्व्हिस. दुसरी फ्लोटर, तिच्यात बॉलला फिरकी जवळजवळ नसतेच, त्यामुळे तो हवेत डुलत येतो आणि घेणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत अंदाज येत नाही. सर्व्हिसचा बॉल जाळीच्या कडेला घासून पलीकडे गेला तर आता तो चालतो. पूर्वी तो फॉल्ट होता, म्हणून जुने प्रेक्षक अजूनही "नेट!" असे ओरडतात. सर्व्हिस कोणीही परतवू शकले नाही, तर तिला एस म्हणतात.

पलीकडच्या संघाचा पहिला स्पर्श म्हणजे रिसेप्शन. दोन्ही हात एकत्र धरून, मनगटापासून कोपरापर्यंतच्या सपाट भागावर बॉल घेतला जातो; याला अंडरहँड पास म्हणतात. बॉल कितीही वेगाने आला तरी तो जाळीजवळ ठरलेल्या ठिकाणी अलगद पोहोचवणे, हे या पासचे काम असते. दुसरा स्पर्श म्हणजे सेट: दहा बोटांच्या टोकांनी, कपाळाच्या वर, बॉल उचलून देणे. तिसरा स्पर्श म्हणजे स्मॅश, ज्याला स्पाइक असेही म्हणतात. स्मॅशचा आविर्भाव करून ऐन वेळी बॉल बोटांनी हलकेच रिकाम्या जागी टाकला, तर त्याला टिप किंवा आपल्याकडच्या बोलीत प्लेसिंग म्हणतात.

स्मॅश अडवण्यासाठी समोरचे खेळाडू जाळीजवळ उडी मारून हातांची भिंत उभी करतात, तो ब्लॉक. येथे एक बारकावा आहे. ब्लॉक करताना झालेला स्पर्श तीन स्पर्शांत मोजत नाहीत. म्हणजे ब्लॉकला लागून बॉल आपल्याच बाजूला आला, तर संघाकडे पूर्ण तीन स्पर्श शिल्लक असतात, आणि ज्याने ब्लॉक केला त्यालाच पुढचा पहिला स्पर्शही करता येतो. नवख्या प्रेक्षकाला एका बाजूला चार स्पर्श झालेले दिसतात आणि पंच शिट्टी का वाजवत नाहीत असा प्रश्न पडतो, त्याचे उत्तर हेच. ब्लॉक चुकवून आलेला जोरदार बॉल जमिनीलगत झेप घेऊन उचलणे म्हणजे डिग.

गुणांची पद्धत आता सोपी आहे. प्रत्येक रॅलीला गुण मिळतो. सर्व्हिस कोणाचीही असो. सेट, म्हणजे इथे सामन्यातला एक डाव, 25 गुणांचा असतो आणि किमान 2 गुणांची आघाडी लागते. तीन सेट आधी जिंकणारा संघ सामना जिंकतो, आणि दोन-दोन अशी बरोबरी झाल्यास पाचवा सेट 15 गुणांचा होतो. पूर्वी केवळ सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळत असे, त्यामुळे एकेक सेट तासभर रेंगाळू शकत असे.

सहा जागा

आता मुख्य विषयाकडे येऊ. आपल्या अर्ध्या मैदानात, जाळीकडे तोंड करून उभे आहोत असे समजा. मागचा उजवा कोपरा म्हणजे जागा क्रमांक 1. त्याच्या बरोबर पुढे, जाळीजवळ उजवीकडे 2. जाळीजवळ मधोमध 3. जाळीजवळ डावीकडे 4. तिच्या मागे, डाव्या कोपऱ्यात 5. आणि मागे मधोमध 6. म्हणजे 4, 3, 2 ही पुढची रांग झाली, आणि 5, 6, 1 ही मागची.

हे आकडे घड्याळाच्या उलट दिशेने वाढतात, खेळाडू मात्र घड्याळाच्या दिशेने फिरतात. पहिल्यांदा वाचताना हे उफराटे वाटते. पण त्यामागचे कारण कळले की ते पुन्हा विसरत नाही. जागेचा क्रमांक म्हणजे खरे तर सर्व्हिसची पाळी आहे. 1 वरचा खेळाडू आत्ता सर्व्हिस करणार, 2 वरचा त्याच्यानंतर, 3 वरचा तिसऱ्या पाळीला, आणि असेच पुढे. समोरच्या संघाची सर्व्हिस असताना आपण रॅली जिंकली की सर्व्हिस आपल्याकडे येते आणि सगळे एकेक जागा सरकतात: 2 वरचा 1 वर येतो, 1 वरचा 6 वर, 6 वरचा 5 वर, 5 वरचा 4 वर, 4 वरचा 3 वर आणि 3 वरचा 2 वर. यालाच रोटेशन म्हणतात. आपलीच सर्व्हिस असताना गुण मिळाला तर कोणीही सरकत नाही. तोच खेळाडू पुन्हा सर्व्हिस करतो.

रोटेशनमुळे प्रत्येकाला पुढे आणि मागे, दोन्हीकडे खेळावे लागते. मागच्या रांगेतल्या खेळाडूंवर दोन मुख्य बंधने असतात. त्यांना ब्लॉक करता येत नाही. आणि पुढच्या विभागात उभे राहून किंवा तिथून उडी घेऊन, जाळीच्या वर असलेला बॉल पलीकडे मारता येत नाही. मात्र तीन मीटरच्या रेषेमागून उडी घेतली, तर मागच्या खेळाडूलाही मनसोक्त स्मॅश मारता येतो. मारल्यावर तो पुढे उतरला तरी हरकत नसते. उडी घेताना पायाचा चवडा त्या रेषेवर पडला तर मात्र फॉल्ट, कारण रेषा पुढच्या विभागात मोजली जाते.

पाच कामे

पहिले काम सेटरचे. आपल्याकडच्या जुन्या खेळाडूंच्या तोंडी लिफ्टर किंवा बूस्टर हे शब्द अजून आहेत. संघाचा जवळजवळ प्रत्येक दुसरा स्पर्श हाच खेळाडू करतो, आणि स्मॅश कोणी मारायचा, किती उंचीवर, किती लवकर, हे तोच त्या अर्ध्या क्षणात ठरवतो. टाळ्या स्मॅश मारणाऱ्याला मिळतात. परंतु समोरचा ब्लॉक चुकीच्या दिशेने गेला असेल, तर ती करामत बहुधा सेटरची असते. सामना समजून घ्यायचा असेल तर थोडा वेळ बॉलवरची नजर काढून सेटरकडे पाहावे, असे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

दुसरे काम डावीकडच्या मारकऱ्याचे, म्हणजे आउटसाइड हिटरचे. तो 4 क्रमांकाच्या जागेवरून मारतो, म्हणून खेळाडू "मी चारला खेळतो" असे म्हणतात. पास बिघडला की सेटर बहुतेक वेळा याच बाजूला उंच बॉल देतो, त्यामुळे अवघड बॉल याच्याच वाट्याला अधिक येतात. शिवाय सर्व्हिस घेण्याची मोठी जबाबदारीही त्याच्यावर असते. संघात असे दोन खेळाडू असतात. भारतीय व्हॉलीबॉलमध्ये आक्रमक खेळाडूचा विषय निघाला की केरळचे जिमी जॉर्ज यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. ते इटलीतल्या क्लबांकडून खेळले आणि 1986 च्या सोल एशियाडमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होते.

तिसरे काम मिडल ब्लॉकरचे. संघात हेही दोन असतात आणि सहसा सर्वांत उंच असतात. जाळीच्या मधोमध उभे राहून समोरच्या सेटरला वाचायचे आणि बॉल ज्या टोकाला जाईल तिकडे धावून ब्लॉक उभा करायचा, हे त्यांचे काम असते. आक्रमणात ते सेटरच्या अगदी जवळून, बॉल पुरता वर जाण्याआधीच मारतात.

चौथे काम ऑपोझिटचे. भारतात त्याला युनिव्हर्सल असेही म्हणतात. तो रोटेशनमध्ये सेटरच्या बरोबर समोरच्या, तिरक्या जागेवर असतो. सेटर 1 वर असेल तर हा 4 वर. तो पुढे असताना उजवीकडून मारतो, आणि मागे असताना तीन मीटरच्या रेषेमागून.

पाचवा लिबेरो. तो वेगळ्या रंगाच्या जर्सीमुळे लगेच ओळखू येतो. आंतरराष्ट्रीय खेळात हे स्थान 1998 मध्ये आले. लिबेरो केवळ मागच्या रांगेत खेळतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो सर्व्हिस करत नाही, ब्लॉक करत नाही, आणि जाळीच्या वरचा बॉल मैदानात कुठूनही पलीकडे मारू शकत नाही. मग तो करतो काय? पास आणि डिग, आणि तेही सर्वांपेक्षा चांगले. उंच मिडल ब्लॉकर मागच्या रांगेत गेला की बहुतेक संघ त्याच्या जागी लिबेरोला आणतात. ही अदलाबदल नेहमीच्या, सेटमागे सहा या बदलांत मोजली जात नाही. उंची हेच सर्वस्व वाटणाऱ्या या खेळात चपळ आणि ठेंगण्या खेळाडूसाठी मानाची जागा निर्माण झाली, हा मला नियमांतला सर्वांत चांगला बदल वाटतो.

जागा आणि काम यांची सांगड

प्रश्न असा उरतो, की रोटेशनमुळे प्रत्येकजण फिरत राहत असेल, तर सेटर नेहमी जाळीजवळ आणि आउटसाइड नेहमी डावीकडे कसा सापडतो? याचे उत्तर एका क्षणात आहे. सर्व्हिस स्वीकारणाऱ्या संघाने आपापल्या जागांचा क्रम केवळ समोरच्याने सर्व्हिसचा बॉल मारेपर्यंतच पाळायचा असतो. हाताचा बॉलला स्पर्श झाला की ज्याला जिथे जायचे तिथे जाता येते. मागच्या रांगेवरची बंधने मात्र रॅली संपेपर्यंत कायम राहतात.

त्या क्षणापर्यंतचा क्रमही वाटतो तेवढा कडक नाही. खेळाडूने चौकोनात खिळून उभे राहण्याची गरज नसते; फक्त शेजाऱ्यांशी असलेले नाते टिकले पाहिजे. पुढच्या रांगेतल्या खेळाडूच्या पुढे त्याच्या मागच्या जोडीदाराने जाऊ नये: 2 च्या पुढे 1 ने, 3 च्या पुढे 6 ने, 4 च्या पुढे 5 ने. आणि एकाच रांगेत डाव्या-उजव्याचा क्रम मोडू नये. हे नाते जमिनीला टेकलेल्या पावलांवरून पाहिले जाते. 4 आणि 6 यांच्यात असे काही नाते नाही, 4 आणि 1 यांच्यातही नाही, आणि संघ याच सवलतीचा फायदा घेतात. क्रम मोडला तर पंच तर्जनी गोल फिरवून खूण करतात, गुण समोरच्याला जातो आणि सर्व्हिसही. भाचीच्या त्या सामन्यात एका सेटमध्ये असे दोन गुण गेले. मुलींना आपण काय चुकलो हेच कळेना, कारण बॉल तर त्यांनी उत्तम खेळला होता.

आता आजीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. सेटर 5 वर आहे आणि समोरून सर्व्हिस येणार आहे असे समजा. माझी भाची, म्हणजे एक आउटसाइड, या वेळी नियमाने 3 वर आहे. 4 वर मिडल ब्लॉकर आहे; ती डाव्या बाजूच्या रेषेला चिकटून जाळीजवळ उभी राहते, आणि 5 वरची सेटर तिच्या पाठीशी, हातभर अंतरावर लपल्यासारखी उभी असते. सेटर 4 च्या मागे आहे आणि 6 च्या डावीकडे आहे, तेव्हा नियम पाळला गेला. भाची खूप मागे, डाव्या भागात पास घ्यायला उभी आहे. मिडल ब्लॉकर तिच्या डावीकडे आहे आणि 6 वरची दुसरी आउटसाइड तिच्यापेक्षा एखादे पाऊल मागे आहे, म्हणून कागदावर ती अजून 3 वरच आहे. उजवीकडचा भाग 1 वर आलेली लिबेरो सांभाळते. समोरच्या मुलीचा हात बॉलला लागतो आणि सेटर जाळीच्या कडेने उजवीकडे पळते. मिडल ब्लॉकर मधोमध सरकते. भाची बॉल उचलून सेटरकडे देते, बाजूच्या रेषेबाहेर दोन पावले जाते, वळते, धावत येते आणि जाळीच्या डाव्या टोकाशी उडी घेते. आजीने तेव्हा माझा दंड घट्ट धरला होता. "हे बघ," ती म्हणाली, "हा चार."